संपादणूक

सीलबंद पाकीट, आत तीस पेपर,
वर छापलेली सूचना:
पर्यवेक्षकाने फक्त वाचून दाखवावे, समजावू नये.
एकवीस वर्षं समजावण्याचा पगार घेतला,
आता दोन दिवस न समजावण्याचा भत्ता,
रोजचे दीडशे.

सोमवारी तांडापेठ. मनपाची शाळा,
माझी नव्हे, आपल्या शाळेवर आपण नसायचं असा नियम.
सहावी. पटावर एकोणतीस, बाकांवर एकोणीस.
बाकीचे?
"छत्तीसगडले गेले मॅडम. धान कापाले."

प्रश्न सातवा.
जलतरण तलावाची लांबी पंचवीस मीटर, रुंदी दहा,
तर परिमिती किती?
दुर्गेश निषादचं बोट वर.
"मॅडम, तलावाले कोपरे राहतेत का?"
त्याच्या घरामागे नाईक तलाव,
जलपर्णीनं भरलेला, बटाट्याच्या आकाराचा.
मी सूचना पुन्हा वाचली.
मग प्रश्न पुन्हा वाचला, मोठ्यानं,
त्याच शब्दांत, काना-मात्रा न बदलता.
त्यानं गोल काळा केला.
कोणता, ते मी बघितलं नाही.
बघितलं. चुकीचा.

मागच्या पानावर घरची माहिती:
घरात पुस्तकं किती, शिकवणी आहे का,
अभ्यासाला टेबल आहे का.
"शिलाई मशीनचं चालन का?" मागच्या बाकावरची पोरगी.
चालन, म्हटलं.
एवढं एकच मी समजावलं.

मंगळवारी बेसा.
शाळेच्या नावात ग्लोबल,
फाटकावर वही: नाव, वेळ, कामाचे स्वरूप.
तीसपैकी तीस हजर,
खिडक्यांना पडदे, पडद्यांना दोऱ्या.
सातव्या प्रश्नाला बोट नाही कुणाचं.
एकाचे ओठ तेवढे हलत होते, जपासारखे,
टू इन्टू लेन्थ प्लस ब्रेड्थ.
अकराव्यात बागेच्या एका बाजूला भिंत होती,
कुंपणाची तार किती लागेल?
तिथं पोरं तांडापेठेतही अडली, इथंही अडली.
तिकडची अडल्यावर छताकडे बघत होती,
इकडची एकमेकांच्या पेपरात.
शिकवणी आहे का?
अठ्ठावीस गोल काळे.

वर्गशिक्षिकेनं पाण्याचा ग्लास आणला
आणि तशीच उभी राहिली.
"मॅडम, वळखलं नाई का?"
करिश्मा हेडाऊ.
माझ्या चौथीत होती, दुसऱ्या रांगेत,
पेन्सिलीचं टोक संपलं की दातानं कोरायची,
भागाकारात बाकी उरली की रडायची.
आता डी.एड., मग बी.ए., मग इथं.
पगार?
ती दाराकडे बघून हळूच बोलली,
"सही वीसवर, हातात अकरा."
आणि अठ्ठावीसातले नऊ जण
संध्याकाळी तिच्याच खोलीवर येतात, मनीषनगरला,
सकाळी न समजलेलं समजून घ्यायला.
"भागाकार तुमच्यासारखाच शिकवतो मॅडम,
चिंचोके घेऊन."

माझी पोर कुठं शिकते, तिनं विचारलं नाही.
ग्लास मी फार वेळ हातात धरला.
वर्धा रोड, सातवी क, तिमाहीला सतरा हजार,
मनपाच्या पगारातून, दर वेळी तारखेच्या आत.
माझ्या शाळेतल्या स्टाफरूममध्ये
सगळ्यांचंच असं,
म्हणून कुणी कुणाला विचारत नाही.

उन्हाळ्यात पेपरात येईल,
दोन उभे पट्टे, एक उंच एक ठेंगणा,
खाली बारीक अक्षरात टक्के.
लोक म्हणतील, बघा, पाहिलंत.
करिश्मा कोणत्या पट्ट्यात?
चौथीपर्यंत ती ठेंगण्यात होती,
आता उंच पट्ट्याखालची वीट.
आणि मी?
मी दोन्हीकडे सही केली आहे.

बुधवारी पाकिटं जमा करायची होती सिव्हिल लाइन्सला.
गाडी नाईक तलावावरून घेतली, वाट वाकडी करून.
काठावर म्हशी, एक माणूस जाळं झटकत होता.
थांबले थोडा वेळ.

खरंच, नाहीत.